अमावास्येचे साडेदहा

आमच्या घरात ‘क्लास’ या शब्दाला एकच अर्थ होता. खारदांड्याच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मास्तर संध्याकाळी मॅट्रिकच्या पोरांना गणित शिकवायचे, तो क्लास. बी.एस्सी. झाल्यावर मी मरोळच्या एका कचेरीत उमेदवारीला लागले आणि थोड्याच दिवसांत जेवता जेवता म्हणाले, की मी सध्या एक क्लास बनवते आहे. आईने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या मासळीबाजारात सगळ्यांना सांगून टाकलं की पोरगी शिकवणी काढते. रविवारी दोन बायका आपापली पोरं घेऊन दारात हजर. तसला क्लास नाही, असं मी त्यांना सांगितलं. मग कसला, असं आईने विचारलं. मला ते सांगता येईना. कॉम्प्युटर नावाचं यंत्र असतं, त्याला शिकवायला भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं लागतात, आणि त्या कार्डांवर मी एक साचा लिहिते आहे, एवढं मी बोलले. आईने शांतपणे ऐकून घेतलं. पण तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हाच. पोरगी सकाळी जाते, दिवेलागणीला येते, हातात पुस्तक नाही, शिकवते कुणाला ते सांगत नाही, आणि म्हणते क्लास बनवते.

आई संशयीच होती, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. तिचा धंदाच तसा. धक्क्यावर मासळी घेताना दर माशाचा कल्ला उचलून बघायचा, अंगठ्याने दाबायचं, वास घ्यायचा, आणि विकणारा देवाची शपथ घ्यायला लागला तर पुन्हा एकदा कल्ला उचलायचा. घरीही तेच. वाण्याने दिलेला तांदूळ ती ताटात पसरून बघे. बाबा उशिरा आले तर त्यांच्या बोलण्याचा कल्ला उचलून बघे. बाबांची स्वतःची होडी होती आणि माणूस अबोल. त्या थंडीत होडी डागडुजीला वर काढलेली, म्हणून सकाळपासून फळ्या ठोकण्याचा आवाज घरात यायचा, बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा, आणि चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या टपाटप पडत असायच्या. मी सुका जवळा आणि भाकरी डब्यात नेत असे. कचेरीत डबा उघडला की दोनचार खुर्च्या लांब सरकत, ते मला कळत होतं आणि मी मुद्दाम झाकण उशिरा लावायची. त्याच सुमारास वेसाव्याहून एक स्थळ आलं होतं. दोन होड्या, पक्कं घर, मुलगा निर्व्यसनी. आईने मला सरळ सांगितलं होतं, की तुझी उमेदवारी संपेपर्यंत थांबते. नोकरी पक्की झाली तर बघू, नाहीतर शिमग्याआधी लग्न, आणि लग्न झालं की कचेरी सुटलीच. मला त्या मुलाबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. मला नोकरी हवी होती, इतकी की रात्री दाढा दुखेपर्यंत मी दात आवळून झोपायची.

कचेरी म्हणजे मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्याचा वरचा मजला. खाली नटबोल्ट बनायचे, वर आम्ही. यंत्र आमचं नव्हतंच, ते शहराच्या दुसऱ्या टोकाला एका संस्थेत होतं. आम्ही कार्डं लिहून द्यायची, शिपाई ती घेऊन जायचा, आणि दुसऱ्या दिवशी यंत्राने काय उत्तर दिलं त्याचे लांबलचक कागद यायचे. आमचे वैद्य सर उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशात जाऊन एक नवी भाषा शिकून आले होते. क्लास हा शब्द त्या भाषेतला. सर सांगत, की आजवर आपण माहिती एकीकडे ठेवतो आणि तिच्यावर काम करणाऱ्या सूचना दुसरीकडे, म्हणून कुणीही येतो आणि कशालाही हात लावतो. आता दोन्ही एका घरात ठेवा. घराला ठरावीक दारं ठेवा. बाहेरच्याने दाराशी येऊन विचारायचं, आतून उत्तर मिळेल, आत शिरायचं नाही. एकदा घराचा नकाशा काढला की तशी हवी तितकी घरं बांधता येतात. तो नकाशा म्हणजे क्लास. आज माझी नात हेच शाळेत शिकते आणि मला म्हणते, आजी, हे तर सोपं आहे. सोपं आहेच. पण तेव्हा त्या घराला कुलूपसुद्धा नव्हतं. आत हात घालायचा नाही हा आपसातला नियम होता, आणि आपसातल्या नियमावर माझा तरी विश्वास नव्हता.

उमेदवार आम्ही दोघंच होतो, मी आणि विलास कांबळे, आणि जागा एक. विलास घाटकोपरचा, वडील बसकंडक्टर, आजोबा साताऱ्याकडून आलेले. बोलका, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. सरांनी आम्हाला सांगितलं, की आपापल्या घरी जे माहीत आहे त्यावर एकेक छोटा क्लास लिहा. आणि मग ते म्हणाले, की स्वतःचा क्लास स्वतः तपासायचा नाही. आईला आपलं पोर काळं दिसत नाही. कांबळेचा क्लास तुम्ही फोडायचा, तुमचा तो फोडेल, आणि एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. हे ऐकल्यापासून आमची मैत्री बिघडली. आधी आम्ही वडापाव अर्धा अर्धा करायचो. आता तो माझ्या टेबलाजवळून गेला तरी मी कार्डांवर हात ठेवायची, आणि तोही स्वतःचे कागद उलटे करून ठेवायचा.

विलासने चाळीतल्या पाण्याच्या टाकीचा क्लास लिहिला. मी भरतीचा. आमच्याकडे पोरासोरांनाही एक हिशेब येतो. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चौथ असेल तर तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. तेवढ्या वाजता समुद्र पुरता भरतो, एकदा दिवसा आणि एकदा रात्री, थोडं मागेपुढे. माझ्या क्लासच्या पोटात तिथी ठेवलेली, आणि दारं दोन. एका दाराशी विचारलं की तो भरतीची वेळ सांगायचा, दुसऱ्या दाराशी सांगितलं की तिथी एकाने पुढे सरकायची. सर म्हणाले, भलतासलता आकडा कुणी आत टाकू नये म्हणून दारावर पहारा ठेवा. मी ठेवला. एक ते पंधरा सोडून काही घ्यायचं नाही, फक्त तीस आला तर येऊ द्यायचा. तीस का, ते आमच्या भिंतीवरच्या पंचांगात बघून. शिवाय उत्तर बारापेक्षा मोठं आलं तर त्यातून बारा वजा करायचे, असंही मी खबरदारी म्हणून घातलं. तपासून बघताना चौथ घातली, अष्टमी घातली, पुनव घातली, सगळं बरोबर. मला फार आनंद झाला होता. घरच्या होडीवर मला बायकांच्या जातीचं म्हणून कधी पाय ठेवू दिला नव्हता, आणि समुद्र कधी भरणार ते आता माझ्या कार्डांना विचारावं लागणार होतं.

विलासच्या टाकीत मला दोष सापडला. टाकीतून पाणी काढायच्या दाराशी मी उणे वीस बादल्या मागितल्या. टाकीने मुकाट्याने पाणी वाढवलं. मी तसं लिहून सरांकडे दिलं आणि दिवसभर स्वतःवर खूश होते. विलासकडून मात्र माझ्याबद्दल काहीच जाईना. उलट तो विचित्र प्रश्न विचारू लागला. दांड्याला समुद्रावर कुठल्या गल्लीने उतरतात, रविवारी अमावास्या आहे ना, रविवारी तू घरीच असतेस का. मी म्हटलं, तुला काय करायचंय? तो म्हणाला, “काही नाही यार, सहज.” सहज म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये हे मी आईच्या दुधाबरोबर प्यायलेली. माझ्या घरी येऊन काहीतरी सांगायचं, आईबाबांच्या मनात भरवायचं, आणि मला जागेवरून बाजूला करायचं, असा त्याचा बेत असावा असं मला पक्कं वाटलं. रविवारी सकाळपासून मी दाराकडे कान लावून बसले होते.

दाराशी विलास आला नाही. आली ती शेजारची पोरगी, धावत. किनाऱ्यावर एक माणूस पकडलाय म्हणाली. तेव्हा आमच्या किनाऱ्यावर रात्री काय काय उतरायचं ते सगळ्या कोळीवाड्याला माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. त्यातून कस्टमचे लोक येऊन दोघांना चौकशीला घेऊन गेले होते, तेव्हापासून अनोळखी माणूस दिसला की तो एकतर खबऱ्या किंवा माल उतरवून घेणारा, असं धरून चाललं जायचं. मी गेले तर बाबांच्या होडीजवळ वीसेक माणसं गोळा झालेली आणि मध्ये विलास. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मनगटावर घड्याळ, आणि शेजारी ओल्या वाळूत खडूच्या खुणा केलेली एक काठी रोवलेली. तो चौथीलाही येऊन गेला होता, अष्टमीलाही. लोकांनी तेव्हाच त्याला हेरून ठेवलं होतं.

आमच्यातले वडीलधारे हिरामामा त्याची चौकशी करत होते. नाव विचारलं, मग आडनाव विचारलं. विलासने कांबळे सांगितलं, आणि तोवर चाललेलं ‘तुम्ही’ तिथल्या तिथे ‘तू’ झालं. मला ते ऐकून लाज वाटली, अजूनही वाटते. हिरामामांनी विचारलं, की इथे काय बघतोस. विलास म्हणाला, भरती बघतो. केव्हा भरणार समुद्र? तो म्हणाला, साडेदहाला. आधी सगळे हसले, मग एकदम कुणीच हसेना. अवसेला समुद्र सव्वाअकराला भरतो हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. साडेदहाला जो कुणी किनाऱ्यावर उभा राहून घड्याळ बघतो तो भरतीची वाट बघत नाही, तो दुसऱ्याच कशाची तरी वाट बघतो. हिरामामांचा थोरला पुढे झाला आणि त्याने विलासची कॉलर धरली. कुणीतरी म्हणालं, थांबू या, बोट येते का बघू. त्यावर हिरामामा जे बोलले ते मी पुढे आयुष्यभर चुका शोधायला बसणाऱ्या नवख्या पोरांना सांगत आले. ते म्हणाले, “बोट नाय आली म्हनजे येनारच नव्हती, असा नाय व्हत.”

विलासने मला गर्दीत बघितलं. बघितलं आणि लगेच नजर फिरवली. माझं नाव त्याने घेतलं नाही, अजिबात नाही. मी त्याच्याबद्दल काय काय मनात आणलं होतं ते मला त्या क्षणी आठवलं, आणि त्याच वेळी दुसरीही शंका आली, की हा आत्ता गप्प बसून मला उपकाराखाली तर आणत नाही ना. इतकी मी आईची लेक. मग आईचाच आवाज आला. ती बाजारातून येत होती, डोक्यावर रिकामी पाटी तशीच. तिने विलासकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या महिन्यांचा हिशेब तिच्या डोक्यात एका फटक्यात जुळला. पुठ्ठ्याची कार्डं, दिवेलागणीची वेळ, सांगता न येणारा क्लास.

“यो तुजा कोन हाय?” तिने सगळ्यांदेखत विचारलं.

कुणी नाही म्हटलं असतं तर विलासचे दात पडले असते. माझा म्हटलं असतं तर वेसाव्याचं स्थळ संध्याकाळी गेलं असतं आणि माझी नोकरी त्याच्याही आधी. मी खरं ते सांगितलं. “आये, यो माजी चूक काढायला आलाय. त्याचा तोच काम हाय.”

हे कुणालाच पटलं नाही. पण मी ते बोलता बोलताच माझ्या डोक्यात साडेदहा घुमत होते. साडेदहा त्याला माझ्याच कागदाने सांगितले होते. माझ्या क्लासने अमावास्येला साडेदहा का म्हणावं? मग मला भिंतीवरचं पंचांग आठवलं. मी गर्दीतून पुढे गेले आणि बाबांच्या समोर उभी राहिले. बाबा होडीच्या कडेला हातात हातोडी घेऊन बसले होते. मी विचारलं, पंचांगात अवस कशी लिहितात? बाबा म्हणाले, तीस. खरंच, पुनव पंधरा आणि अवस तीस, पूर्वापार तसंच छापतात. मी म्हटलं, तिसाची पाऊणकी म्हणा.

“तीस पाऊणे साडेबावीस,” बाबा म्हणाले.

त्यातून बारा काढा, मी म्हटलं. बाबांनी हातोडी खाली ठेवली. साडेदहा, ते म्हणाले, आणि मग ते हसले. बाबांना मोठ्याने हसताना मी लहानपणापासून फार थोड्या वेळा बघितलं होतं. अवस म्हणजे पंधरावी तिथी, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. तीस लिहायचं आणि पंधरा धरायचे. माझ्या क्लासला मी तीस घ्यायला शिकवलं आणि पंधरा धरायला शिकवायचं विसरले. साडेबावीस हे उत्तर भलतंच दिसून चूक लगेच उघडी पडली असती, तेही मीच खबरदारी म्हणून बारा वजा करून शहाण्यासारखं दिसायला लावलं. बाबांनी हिरामामांना समजावून सांगितलं, की बाहेरच्या माणसाला साडेदहा सुचणारच नाहीत. ज्याच्या घरी पंचांग आहे आणि ज्याला पाऊणपट येते, त्याचीच ही चूक. खबऱ्याची असूच शकत नाही. “यो शानपना आपल्याच पोरीचा हाय,” बाबा म्हणाले. हिरामामांनी थोरल्याला हात सोडायला सांगितलं. विलासने कॉलर नीट केली, वरची गुंडी शोधली, ती तुटून पडली होती. समुद्र काठीच्या वरच्या खुणेपर्यंत चढला तेव्हा त्याने पुन्हा घड्याळ बघितलं, आणि आता त्याच्याबरोबर आणखी दहा जणांनी बघितलं.

आईने त्याला घरी जेवायला आणलं. प्रेमाने नव्हे, नीट बघून घ्यायला. ती ताट कुठलं काढते त्यावर माझी नजर होती, खोटं कशाला सांगू. तिने रोजच्यातलंच काढलं आणि त्याला बाबांशेजारी बसवलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बोंबलाचं कालवण होतं. तो पोटभर जेवला, आणि आई समोर बसून त्याचं घर, त्याची बहीण, त्याचा पगार, त्याचं मन, सगळ्याचे कल्ले उचलत राहिली. निघताना तो मला गल्लीच्या तोंडाशी म्हणाला, की हे सरांना सांगावं लागेल गं. मी म्हटलं, नाही सांगितलंस तर बोलणार नाही तुझ्याशी. मनातून मला तो गप्प बसायला हवा होता. नोकरी जाणार हे दिसत होतं आणि मला रडू येत होतं.

त्याने सांगितलं. माझ्यासमोर, सरळ. अमावास्येला पाऊण तास चुकतो, मी स्वतः उभा राहून बघितलं. कॉलरचं तो बोलला नाही. सरांनी दोघांचे कागद शेजारी ठेवले आणि जागा विलासला दिली. म्हणाले, तुमचा दोष त्याला बाहेर जाऊन सापडला, त्याचा तुम्हाला खुर्चीत बसून. हे मला पटलं. सर इथे थांबले असते तर मी गपचूप उठून आले असते. पण सर पुढे म्हणाले, “आणि तसंही तुम्ही मुली. आम्ही शिकवायचं, आणि वर्षभरात तुमचं लग्न.” तेव्हापासून मला आजतागायत कळलेलं नाही, की त्यातलं कारण कोणतं होतं आणि नंतर सुचलेलं कोणतं.

घरी मी सगळं सांगितलं. मला वाटलं आई म्हणेल, बरं झालं. तिने दोनदा विचारलं, की त्याच्या टाकीत पण चूक होती ना. मग म्हणाली, उद्या मना ने तिकडं. बाजार उरकून ती माझ्याबरोबर मरोळला आली, पाटी खाली नटबोल्टवाल्यांच्या दारात ठेवली आणि वर चढली. सर उठून उभे राहिले. त्यांनी अदबीने सांगितलं, की मुलीचं काम उत्तम आहे, पण लग्न झालं की मुली काम सोडतात, त्याला आमचा इलाज नाही.

“कोन बोलला?” आई म्हणाली.

सर म्हणाले, सगळ्याच सोडतात. इतके दिवस हे घरात कोण बोलत होतं ते मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. “माजा लगीन झाला तवापासून मी कामावर हाय,” ती म्हणाली. “अंधार असतो तवा मी धक्क्यावर असते. मना कोनी विचारला नाय, सोडतीस का म्हनून.”

सरांनी माझी उमेदवारी वाढवली, पुढची जागा निघाली की बघू म्हणाले. माझा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. जागा मात्र खरंच निघाली, पण ती नंतर. त्या दिवशी येताना आई बसमध्ये खिडकीबाहेर बघत होती. संध्याकाळी वेसाव्याची मध्यस्थ बाई उत्तर घ्यायला आली. मी आत भाकऱ्या थापत होते. बाहेर ती विचारत होती, की मग काय सांगू, होय ना? मी हात थांबवून कान दिला. आई म्हणाली, थांब, पोरगी आत हाय, तिना विचारते. मला वाटलं ही वेळ मारून नेते आहे. पण ती पदराला हात पुसत आत आली, माझ्यासमोर चुलीपाशी बसली, आणि तिने खरंच विचारलं.